कांतूला मधून पळवू नकोस

मेस्किट क्रीक, पश्चिम टेक्सस
१२ सप्टेंबर १९७६

गड्या ड्युई,

नोकरी लागल्याचं फोनवर सांगितलंच होतं. आता कसली लागलीय ते ऐक. इथल्या कॉलेजच्या फुटबॉल संघात चेंडू घेऊन पळणारी जी मुलं आहेत, म्हणजे आपले रनिंग बॅक, ती सगळी माझ्या हवाली. वरती मुख्य कोच ग्रिम्सली. म्हाताऱ्याचा एकच धर्म. चेंडू पळणाऱ्याच्या पोटाशी द्यायचा आणि त्याला सरळ मधून, धिप्पाड पोरांच्या गर्दीत घुसवायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकलं की म्हातारा खूष. चेंडू हवेतून फेकणं म्हणजे त्याच्या मते चोरी.

या धर्माला साजेसा एक गडी आमच्याकडे आहे, बक हॅनरॅटी. शेवटच्या वर्षाला आहे. रेडा जसा कुंपणातून जातो तसा जातो. माझं दुखणं दुसरंच आहे. एलिसेओ कांतू, वय एकोणीस, अंगानं काडी. याला मी आणलाय. पार मेक्सिकोच्या सरहद्दीजवळ सान रोमुलो नावाचं गाव आहे. गाव कसलं, एक चर्च, एक पेट्रोलपंप आणि वाऱ्यानं उडणारी धूळ. शाळेत मुलंच इतकी थोडी की अकरांचा संघ होत नाही, म्हणून ते सहा-सहा जणांचा फुटबॉल खेळतात. तिथं मी या पोराला पळताना पाहिला आणि त्याच्या घरी जाऊन बसलो. आई शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करते. तिनं तमाले, म्हणजे मक्याच्या पानात वाफवलेले मांसाचे उंडे, वाढले आणि मी खाता खाता शब्द देऊन बसलो की तुमचा मुलगा पदवी घेऊनच परत येईल. त्याला गणिताचा मास्तर व्हायचंय.

शनिवारी पहिला सामना झाला. म्हाताऱ्यानं कांतूला पाच वेळा मधून घुसवला. पाचही वेळा तो गर्दीखाली गडप झाला, आणि शेवटच्या वेळी त्याला उठवायला दोघं गेले. नंतर म्हातारा मला म्हणाला, "प्रुइट, सहा जणांचा खेळ हा पोरींचा खेळ. तू मला सर्कशीतला पोरगा आणून दिलास. शिष्यवृत्ती एकेका वर्षाची असते हे त्याला सांगून ठेव. शेवटचा सामना झाला की मी आकडे बघतो. पळालेले यार्ड नसतील तर पुढच्या वर्षीचे पैसे दुसऱ्याला."

पैसे गेले तर पोरगा दुसऱ्या दिवशी घरी. त्याच्या आईला मी कुठल्या तोंडानं भेटू? तुझी अक्कल माझ्यापेक्षा दोन बोटं जास्त आहे असं तू कॉलेजात रोज सांगायचास. आता दाखव.

तुझा,
हार्लन


सेबिन व्हॅली, पूर्व टेक्सस
१७ सप्टेंबर १९७६

हार्लन,

दोन बोटं नव्हे, हातभर. पण मान्य केलंस हे बरं केलंस.

तुझ्या पत्रातलं निम्मं दुखणं तमाल्यांचं आहे. कुणी पोटभर वाढलं की तू शब्द देतोस. माझ्या सासूबाईंनी, वांडाच्या आईनं, एकदा अक्रोडाचा केक खायला घातला तर तिचं छप्पर शाकारून द्यायला निघाला होतास, आणि शिडीवर मला चढवलंस.

आता पोराचं. काडी आहे म्हणतोस तर तिचा खांब कर. सकाळी डझनभर अंडी, दुपारी मांस, झोपताना लिटरभर दूध. दिवसभर वजनं उचलायला लाव. वीस पौंड चढले की मधल्या गर्दीत टिकेल. मी इथं माझ्या बचावाच्या पोरांना असंच पोसतो. ती आता दारातून आडवी आत येतात.

हे सांगतोय ते मैत्रीखातर. वीस नोव्हेंबरला तुमचा शेवटचा सामना आमच्याशी आहे हे तू विसरला असशील, मी नाही विसरलो. तेव्हा तुझा खांब माझ्याच पोरांवर येऊन आदळणार. पण अजून दोन महिने आहेत, तोवर आपण मित्र.

वांडाला आता खाली वाकता येत नाही. बाळ ऑक्टोबरात. मुलगा झाला तर त्याला तुझं नाव ठेवायला ती तयार नाही, हे तिनं मला मुद्दाम लिहायला सांगितलंय.

ड्युई


मेस्किट क्रीक
३ ऑक्टोबर १९७६

ड्युई,

उंटावरून शेळ्या हाकणं थांबव. तुझ्या अंड्यांनी पोराचं वाटोळं केलं.

अकरा पौंड चढले. त्या अकरा पौंडांनी त्याच्या पायातलं वारं काढून घेतलं. पहिल्या सामन्यात तो पडायचा तरी चटकन, आता सावकाश पडतो. लागोपाठ तीन सामने हरलो. म्हातारा त्याला बाकावर बसवून ठेवतो आणि मी शेजारी बसून जमिनीकडे बघतो. कांतू जेवणाच्या टेबलावर अंडी समोर आली की नुसता माझ्याकडे बघतो.

मग गेल्या रविवारी मी चर्चमधून परत येत होतो. मुलांच्या वसतिगृहामागं मोकळं मैदान आहे, तिथं दहाबारा पोरं गंमत म्हणून खेळत होती. लायब्ररीतली, बँडमधली, अशी. त्यांत कांतू. मी गाडी बाजूला घेतली आणि काचेतून बघत बसलो. ड्युई, तो चेंडू घेऊन पळत नव्हताच. तो आधी नुसताच मोकळ्या जागेत जात होता आणि मग चेंडू त्याच्याकडे येत होता. कुणीही फेको, कसाही फेको. डोक्यावरून, गुडघ्याशी, पाठीमागं. त्यानं एकही सोडला नाही. चेंडू हातात आल्यावर समोर जो एकटा दुकटा येई तो नुसता हवेला मिठी मारून बसे.

मी उतरून त्याच्याकडे गेलो. म्हटलं, "अरे, तुला असं झेलता येतं हे कधी बोलला नाहीस?"

"आमच्याकडे सगळेच झेलतात, सर. सहाच जण असतो ना. कुणालाही फेकलेलं चालतं."

"मग इथं का नाही सांगितलंस?"

"कुणी विचारलंच नाही, सर. सगळे म्हणाले, मधून जा. मी मधून गेलो."

मला वाटलं, भूमी दुभंगावी आणि मी त्यात जावं. सहा जणांच्या खेळात सगळं मैदान मोकळं असतं, पोरगा त्या मोकळ्यात वाढलाय. आणि आम्ही दोन महिने त्याला गर्दीत ढकलतोय, वर त्याला फुगवतोय. मासळी विकत आणायची आणि तिला झाडावर चढ म्हणायचं, असलं आमचं कसब.

काल सामन्यात म्हाताऱ्याच्या पाया पडलो म्हण ना. शेवटच्या पाव तासात आम्ही हरणारच होतो, म्हणून तो म्हणाला, "कर काय करायचं ते." कांतूला मागून काढून बाजूला, पार कडेला पाठवला. क्वार्टरबॅकनं, म्हणजे चेंडू वाटणाऱ्या पोरानं, आखूड पास दिला. मग तू असायला हवा होतास. दोनदा झेलला, दोनदा शेवटची रेषा ओलांडून टचडाउन. सामना जिंकलो. म्हातारा शिट्टी तोंडात तशीच धरून उभा होता, वाजवायला विसरला.

अंडी बंद केली आहेत.

हार्लन

ता. क. पत्र बंद करताना लक्षात आलं की हे सगळं मी कुणाला सांगतोय. चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या. वाचून फाडून टाक आणि विसरून जा.


सेबिन व्हॅली
८ ऑक्टोबर १९७६

हार्लन,

पत्र फाडलं. विसरायचं मात्र जमत नाही. डोळ्यांनी वाचलेलं डोक्यातून कसं काढू?

आधी मित्र म्हणून बोलतो. तुला सोनं सापडलंय, गड्या. म्हाताऱ्याची समजूत काढ, हात जोड, त्याची गाडी धू, पण त्या पोराला पुन्हा मधून पळवू नकोस. त्याला मोकळं सोड. अंड्यांबद्दल मी त्याची माफी मागतो. तसं त्याला सांग, माझं नाव न घेता.

आता सेबिन व्हॅलीचा बचाव बघणारा कोच म्हणून बोलतो. मला पगार तुम्हाला अडवायचा मिळतो. तेव्हा आजपासून वीस नोव्हेंबरपर्यंत त्या पोराचं नाव तुझ्या पत्रात येता कामा नये. आलं तर मी ते वापरीन, आणि वापरलं तर मला झोप येणार नाही. हवापाण्याचं लिही. कापसाचं लिही. वांडाचं विचार.

ड्युई


मेस्किट क्रीक
२४ ऑक्टोबर १९७६

ड्युई आणि वांडा,

मुलगी झाल्याची तार मिळाली. रूथ अ‍ॅन नाव छान आहे. बापावर गेली नसेल अशी मी चर्चमध्ये प्रार्थना केली. सोबत लोकरीचे मोजे पाठवतोय, आमच्या घरमालकीणबाईंनी विणलेत. एक थोडा मोठा झालाय, तर तो पाय आधी वाढेल असं त्या म्हणतात.

इकडे हवापाणी ठीक. कापूस वेचून झाला. वारा सुटलाय आणि दातांत धूळ येते. म्हाताऱ्याची तब्येत सुधारलीय, हल्ली हसताना त्याचे दातही दिसतात. गावात माणसं मला कॉफीचे पैसे देऊ देत नाहीत. याहून जास्त मी काही लिहीत नाही, कारण तूच लिहू नको म्हणालास.

एकच. म्हाताऱ्याचा नियम बदललेला नाही. तो अजूनही यार्डच मोजतो, आणि झेलून काढलेले यार्ड त्याच्या हिशेबात निम्मेच धरले जातात. शेवटच्या सामन्यापर्यंत काही खरं नाही. हे कुणाबद्दल ते मी लिहिलेलं नाही.

हार्लनकाका


सेबिन व्हॅली
१२ नोव्हेंबर १९७६

हार्लन,

मोजे बसले. तो एक अजून मोठाच आहे.

रिवाजाप्रमाणे तुमच्या मागच्या तीन सामन्यांच्या चित्रफिती बसनं पोचल्या. आमच्याही त्याच बसनं उलट पाठवल्या आहेत. चहूबाजूंचे पडदे ओढून मी त्या बघितल्या. मग वांडाला बोलावून दाखवल्या. ती बाळाला मांडीवर घेऊन बघत होती. म्हणाली, "अगं बाई, हा तर कुणाच्याच हाती लागत नाही." मी म्हटलं, लागेल.

औषध सापडलंय. काय ते सांगत नाही. तू मला ओळखतोस आणि मी तुला. आमच्या मैदानावर यायचंय तुम्हाला, दहा हजार माणसं बोंबलत असतील. आमचा संघ यंदा एकदाही हरलेला नाही. तुझ्या पोराला पोटभर जेवू घालून आण, अंडी सोडून.

सामना झाल्यावर आमच्याकडे जेवायला ये. वांडा मांस भाजणार आहे. हरलेल्या माणसाला ती जास्त वाढते.

ड्युई


मेस्किट क्रीक
१६ नोव्हेंबर १९७६

ड्युई,

फिती मिळाल्या. तुझी पोरं खरंच दारातून आडवी येत असणार. मला घाम फुटलाय, हे कबूल करतो.

जेवायला येता येणार नाही. सामना संपला की संघाची बस लगेच सुटते. वांडाला सांग, माझा वाटा तुला वाढ म्हणावं, तुला लागेल.

हार्लन


सेबिन व्हॅली
२२ नोव्हेंबर १९७६

हार्लन प्रुइट,

नालायका. दोन दिवस मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडतोय. वांडा म्हणाली, "भिंतीशी कशाला बोलता, लिहून टाका," म्हणून लिहितोय.

माझं औषध आता सांगायला हरकत नाही. कांतू जिथं जाईल तिथं माझी दोन पोरं. तो पाणी प्यायला गेला तरी दोघांनी सोबत जायचं. आठवडाभर मी त्यांच्याकडून दुसरं काही करून घेतलं नाही. आणि शनिवारी त्यांनी शब्द पाळला. तो उजव्या कडेला गेला, दोघं गेले. डाव्या कडेला गेला, दोघं गेले. पूर्वार्धात त्याच्या हाताला चेंडू लागला नाही. मी खुशीत होतो. मग फळ्याकडे बघितलं तर तुम्ही चौदा, आम्ही दहा. तो तुझा रेडा, हॅनरॅटी, मधून चालत जात होता. पळतसुद्धा नव्हता, चालत होता. कारण मधे माझं कुणी नव्हतंच. माझे दोन चांगले गडी कडेला एका काडीची राखण करत उभे होते.

मध्यंतरात आमचा मुख्य कोच मला म्हणाला, "स्टोव्हॉल, तू बचाव करतोयस की त्या पोराचे अंगरक्षक नेमलेस?"

मग मी एकाला मधे परत घेतलं. लगेच कांतूनं झेलायला सुरुवात केली. पुन्हा दुसऱ्याला पाठवलं, पुन्हा रेडा चालायला लागला. चादर डोक्यावर ओढली की पाय उघडे. तरीही आम्ही सतरा-चौदा पुढे गेलो आणि घड्याळात मिनिटभर उरलं. मी दोघांना हाताशी धरून म्हटलं, आता काहीही झालं तरी तो कडेला, बाहेर जाणार. बाहेर.

आणि त्यानं पहिलं पाऊल बाहेरच टाकलं. माझे दोघं उधळले. तो तिथल्या तिथं वळला, क्वार्टरबॅकनं चेंडू त्याच्या पोटाशी दिला आणि तो मधून गेला. हॅनरॅटी त्याच्यापुढे वाट झाडत होता. शेवटच्या रेषेपर्यंत त्याला कुणी बोट लावलं नाही. आमच्या दहा हजार माणसांत एवढी शांतता झाली की बाळ रडलं ते मला मैदानावर ऐकू आलं. ते माझंच होतं.

एवढंच सांग. मधून जाण्याची ती चाल कुणाची? तुझी असेल तर मी तुला जन्मात क्षमा करणार नाही, कारण मधून पळवू नकोस असं मीच तुला लिहिलं होतं आणि त्याच भरवशावर मधली जागा मोकळी सोडली. आणि त्या पोराच्या शिष्यवृत्तीचं काय झालं? वांडा रोज विचारते. मीही विचारतो.

ड्युई


मेस्किट क्रीक
२८ नोव्हेंबर १९७६

ड्युई,

एकेक सांगतो. पानं जास्त होतील, तरी वाच.

तू दोन माणसं लावणार हे मला तुझ्या "औषध सापडलंय" वरूनच कळलं. ज्याची भीती वाटते त्याच्या दाराला तू दोन कुलपं लावतोस, कॉलेजात खोलीलाही लावायचास. म्हणून मी सोमवारी कांतूला बोलावलं. म्हटलं, "शनिवारी तुला दिवसभर नुसतं पळायचंय. चेंडू बहुतेक मिळणार नाही. दोघं तुझ्यामागं येतील आणि बक मधून जाईल. तुझे यार्ड शून्य होतील आणि म्हातारा यार्डच मोजतो, हे तुला माहीत आहे. नाही म्हणालास तर मी दुसरं काही शोधीन."

त्यानं विचारलं, "असं केलं तर जिंकू का, सर?"

"जिंकू असं वाटतं."

"मग ठीक आहे."

एवढंच बोलला आणि गणिताच्या तासाला गेला. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. मी त्याच्या आईला शब्द दिलेला, आणि मीच तो पणाला लावत होतो.

शेवटची चाल माझी नव्हती. मी तर त्याला कडेला पास द्या म्हणून ओरडत होतो. म्हाताऱ्यानं माझा दंड धरला. म्हणाला, "प्रुइट, गप्प बस. चाळीस वर्षं मी मधली जागा बघतोय. आज मधे कुणी नाही. पोराला मधून जाऊ दे." मला वाटलं, गेला आमचा पोरगा, म्हातारा पुन्हा जुन्या वळणावर गेला. मी ओरडायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात कांतू तुमच्या रेषेपलीकडे उभा होता, चेंडू पंचाच्या हातात नीट देत. तेव्हा क्षमा करायचीच नसेल तर म्हाताऱ्याला करू नकोस. माझी नजर तुझ्या माणसांवर होती. त्यांनी रिकामी केलेली जागा त्यानंच पाहिली. आणि ती जागा कांतूनं दिवसभर धावून रिकामी केली हेही त्यानं पाहिलं.

परतीच्या बसमध्ये सगळी पोरं गात होती. म्हातारा पुढच्या सीटवर बसून राहिला. उतरताना मला म्हणाला, "शनिवारी गाडी काढ. त्या पोराच्या घरी जायचंय. असलं पत्रानं कळवायचं नसतं."

काल कांतूला बरोबर घेऊन गेलो. दिवसभराचा रस्ता. सान रोमुलोत पोचलो तर अख्खा गाव कांतूंच्या अंगणात. सामना त्यांनी चर्चच्या रेडिओवर ऐकला होता, आवाज खरखरत होता तरी. शाळेच्या संघाची सहाही पोरं इस्त्रीचे शर्ट घालून रांगेत उभी. कांतूबाईंनी टेबल मांडलं होतं, तमाल्यांचा ढीग, वाफा येतायत. म्हातारा बसला, हात पुढे केला, आणि बाईंनी ताटली मागं ओढली.

म्हणाल्या, "आधी बोला. शिष्यवृत्ती किती वर्षांची?"

म्हातारा म्हणाला, "बाई, कागदावर एका वर्षाचीच असते. तसा नियम आहे."

"कागद राहू दे. तुमच्या तोंडाचं विचारते. पुढच्या हंगामात याचा गुडघा मोडला, हा पळेनासा झाला, तर? चेंडू चार वर्षांचा, कोच. मास्तरकी जन्माची."

कांतू म्हणाला, "आई, पुरे ना." त्या म्हणाल्या, "तू गप्प. तुला कुणी विचारलं नाही तर तू बोलत नाहीस, म्हणून मला बोलावं लागतं."

ड्युई, या म्हाताऱ्यापुढं प्रिन्सिपॉलसुद्धा उभे राहून बोलतात. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. मी ती कधी काढलेली पाहिली नव्हती, आत पूर्ण टक्कल आहे. मग म्हणाला, "पदवी हातात पडेपर्यंत, बाई. गुडघा असो नाही तर नसो. माझा शब्द."

बाईंनी लगेच ताटली दिली नाही. मागं भिंतीशी खुर्चीत कांतूची आजी बसली होती. तिनं कानाला हात लावून मुलीला काहीतरी विचारलं. बाई म्हणाल्या, "आईला ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा, जरा मोठ्यानं."

म्हातारा उठला. खुर्ची मागं सरली ती कुणीतरी धरली. आणि ज्यानं आम्हाला एक गोष्ट कधी दुसऱ्यांदा सांगितली नाही त्या माणसानं, हातात टोपी धरून, मैदानावर ओरडतो त्या आवाजात, ती गोष्ट पुन्हा सांगितली.

हार्लन